हनाऊ स्प्रिंग-बो आणि वाइड-व्ह्यू आर्टिक्युलेटर: अक्ष किती अचूक मिळतो आणि किती अचूक लागतो

कॅप, ब्रिज आणि कवळ्या यांचे काम नियमितपणे करणाऱ्या दवाखान्याने हनाऊचा स्प्रिंग-बो हा फेसबो (सांध्यापासून दातांचे नाते टिपणारी कमान) आणि त्याच्या जोडीचा वाइड-व्ह्यू आर्टिक्युलेटर (दातांची मॉडेल्स जबड्यासारखी हलवणारे यंत्र) घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र ही शिफारस वाचणाऱ्याने एक गोष्ट आधीच लक्षात घ्यावी. जबडा ज्या अक्षाभोवती फिरतो तो अक्ष हे उपकरण मोजून काढत नाही. कानाच्या छिद्रावरून त्याचा अंदाज बांधते, आणि त्या अंदाजातली चूक तोंडात किती जाणवेल हे बऱ्याच अंशी डॉक्टरने घेतलेल्या बाइटच्या, म्हणजे वरच्या-खालच्या दातांमध्ये मेण धरून घेतलेल्या नोंदीच्या, जाडीवर ठरते. पदव्युत्तर शिक्षणात हे शिकवले जाते, परंतु दवाखान्याच्या धावपळीत ते मागे पडते, आणि मग खुर्चीवर घासून घासून बसवलेल्या कॅपचा दोष रुग्णाच्या चावण्याच्या सवयीवर टाकला जातो. म्हणून या परीक्षणात उपकरणाच्या बांधणीइतकीच जागा मी अक्षाच्या गणिताला देणार आहे.

खालचा जबडा कानाच्या अगदी पुढे असलेल्या दोन सांध्यांवर तोललेला असतो. जबड्याच्या हाडाची वरची गोलसर टोके, म्हणजे कॉन्डाइल, कवटीच्या खोबणीत नीट बसलेली असताना तोंड थोडेसे उघडले, तर ती जागच्या जागी फिरतात आणि दोन्ही टोकांतून जाणाऱ्या एका आडव्या रेषेभोवती संपूर्ण जबडा दाराच्या बिजागरीसारखा वळतो. ऊल्फ पॉसेल्ट यांच्या १९५२ सालच्या अभ्यासानुसार पुढच्या दातांमधले अंतर साधारण २० ते २५ मिलिमीटर होईपर्यंत ही निव्वळ फिरती हालचाल शक्य असते; त्यापुढे कॉन्डाइल पुढे आणि खाली सरकू लागतात आणि अक्षही त्यांच्याबरोबर सरकतो. टेबलावरची प्लास्टरची मॉडेल्स मात्र आर्टिक्युलेटरच्या स्वतःच्या अक्षाभोवती उघडमीट करतात. रुग्णाच्या सांध्यापासून दातांचे जे अंतर आणि जी दिशा आहे, तीच यंत्रावर उतरली तर दोन्हीकडच्या वाटा जुळतात, आणि ते नाते तोंडातून यंत्रावर वाहून नेण्यासाठीच फेसबो असतो.

जॉर्ज स्नो यांनी १८९९ च्या सुमारास फेसबो प्रचारात आणला. त्याआधी बॉनविल यांच्या चार इंची त्रिकोणासारख्या सरासरी मापांवर मॉडेल्स बसवली जात. पुढे १९२१ मध्ये बेव्हर्ली मॅककॉलम यांनी स्नोचा फेसबो खालच्या दातांना घट्ट बसवला, जबडा उघडमीट करताना कानाजवळच्या टोकाचे निरीक्षण केले आणि ते टोक कमान काढणे थांबवून जागच्या जागी फिरू लागेपर्यंत त्याची जागा बदलत नेली. टोक जिथे स्थिर फिरते, तो खऱ्या अक्षाचा बिंदू. या पद्धतीत तर्काची एक विलक्षण स्वच्छता आहे. कोणत्याही सरासरीवर न विसंबता समोर बसलेल्या माणसाचा सांधा काय सांगतो ते ऐकायचे, ही भूमिका मला आजही आदरणीय वाटते. १९२६ मध्ये कॅलिफोर्नियात मॅककॉलम यांच्या पुढाकाराने नॅथॉलॉजिकल सोसायटी (जबड्याच्या हालचालींचा अभ्यास करणारी संस्था) स्थापन झाली आणि अक्षाचा अचूक शोध हा तिच्या कामाचा पाया ठरला.

याच्या विरुद्ध बाजूला क्रॅडॉक आणि सिमन्स यांच्यासारखे अभ्यासक होते. अंदाजाने धरलेल्या बिंदूपासून खरा अक्ष काही मिलिमीटरांपलीकडे क्वचितच सापडतो आणि त्यासाठी एवढा खटाटोप करण्याचे कारण नाही, असे त्यांनी १९५२ मध्ये मांडले. १९५७ मध्ये शॅलहॉर्न यांनी मोजमाप करून दाखवले, की कानासमोरच्या कूर्चेपासून डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे जाणाऱ्या रेषेवर १३ मिलिमीटर पुढे घेतलेला बिंदू ९५ टक्क्यांहून अधिक लोकांत खऱ्या अक्षापासून ५ मिलिमीटरच्या आत पडतो. चारच वर्षांनी लॉरिट्झन आणि बॉडनर यांचे आकडे मात्र वेगळे निघाले: त्यांच्या मोजणीत जवळपास दोन-तृतीयांश खरे अक्षबिंदू अंदाजी बिंदूपासून ५ ते १३ मिलिमीटर दूर होते. दोन्ही निष्कर्ष प्रामाणिक मोजणीतून आलेले आहेत, आणि त्यांतून व्यवहारात एवढेच घ्यायचे, की कानावरून अंदाज बांधणारा कोणताही फेसबो वापरताना ५ मिलिमीटरची चूक आहे असे गृहीत धरून काम आखावे आणि प्रसंगी ती त्याहून अधिक असू शकते हे ध्यानात ठेवावे.

आता ५ मिलिमीटरची चूक तोंडात किती होऊन उतरते ते पाहू, कारण उपकरणाचे मोल याच हिशोबावर ठरते. चुकीच्या अक्षाभोवती जबडा थोडासा बंद केला, तर प्रत्येक दात आपल्या खऱ्या जागेपासून जितका ढळतो ते अंतर म्हणजे अक्षातली चूक गुणिले बंद होण्याचा कोन; कोन अर्थातच रेडियनमध्ये धरायचा. दुसऱ्या दाढेपाशी मेणाची बाइट ३ मिलिमीटर जाड आहे आणि ती दाढ सांध्यापासून ६० मिलिमीटरवर आहे असे मानले, तर मेण काढून मॉडेल्स दातावर दात येईपर्यंत बंद करताना सुमारे ०.०५ रेडियन, म्हणजे जवळपास ३ अंश, फिरवावे लागते. अक्षात ५ मिलिमीटरची चूक असेल तर दात ०.२५ मिलिमीटर ढळला. वाइनबर्ग यांनी १९६१ मध्ये अशाच मापांवरून दुसऱ्या दाढेपाशी सुमारे ०.२ मिलिमीटरची चूक काढली होती आणि तोच आकडा आजही पाठ्यपुस्तकांत दिला जातो.

पाव मिलिमीटर ऐकायला किरकोळ वाटतो. परंतु आपण दाढेवर ठेवतो तो निळा आर्टिक्युलेटिंग पेपर ४० मायक्रॉनचा असतो, आणि नैसर्गिक दातांच्या मध्ये आलेला सुमारे २० मायक्रॉनचा अडथळाही माणसाला जाणवतो. म्हणजे पाव मिलिमीटर हा सहा कागद एकावर एक ठेवल्याएवढा अडथळा झाला. पूर्ण कवळीत तो हिरडीच्या मऊपणात बराचसा जिरतो. झिरकोनियाच्या कॅपवर तो जिरत नाही, तिथे बर, म्हणजे घासण्याचे फिरते टोक, हातात घ्यावाच लागतो, आणि तंत्रज्ञाने मन लावून कोरलेल्या खाचा त्या घासण्यात सपाट होतात.

याच हिशोबाची दुसरी बाजू आश्वासक आहे. बाइटची जाडी १ मिलिमीटरवर आणली, तर तीच ५ मिलिमीटरची चूक ०.०८ मिलिमीटरवर येते. बाइट घेताना दात प्रत्यक्ष एकमेकांना टेकलेलेच असतील आणि यंत्रावरही ती उंची बदलणार नसेल, तर कोन शून्य आणि बंद स्थितीतली चूकही शून्य. मग अक्ष कुठेही असो, त्याचा प्रश्न केवळ जबडा बाजूला किंवा पुढे सरकवतानाच्या मार्गापुरता उरतो. म्हणून एका दाढेच्या कॅपसाठी, जिथे बाकीचे सगळे दात आपला मेळ राखून आहेत, फेसबो घेतला नाही तरी चालते. सुळ्यापासून मागे सगळी बाजू नव्याने बांधायची असेल, जाड मेणावर बाइट घ्यावी लागणार असेल किंवा चाव्याची उंची यंत्रावर वाढवायची असेल, तिथे हा फेसबो आपली किंमत वसूल करून देतो.

चूक कोणत्या दिशेची आहे यालाही अर्थ आहे. यंत्राचा अक्ष खऱ्यापेक्षा वर किंवा खाली पडला, तर दात पुढे किंवा मागे ढळतात आणि उंचवटे खड्ड्यात बसण्याऐवजी उतारावर टेकतात. अक्ष खऱ्यापेक्षा पुढे पडला, तर तयार झालेले काम तोंडात मागच्या दाढांवर आधी लागण्याकडे झुकते, आणि मागे पडला तर पुढच्या दातांवर. एखाद्या डॉक्टरला आपल्या प्रत्येक मोठ्या ब्रिजमध्ये सतत शेवटचीच दाढ उंच लागताना दिसत असेल, तर त्याने प्रयोगशाळेला दोष देण्याआधी आपल्या फेसबोची कानातली टोके नीट आत बसतात का, हे तपासून पाहावे.

ज्या साध्या बिजागरीच्या आर्टिक्युलेटरवर आपल्याकडे अजूनही पुष्कळ काम होते, त्याचा अक्ष दातांच्या इतका जवळ असतो की खऱ्या अक्षापासून तो सहज ३० ते ४० मिलिमीटर दूर पडतो. वरचेच गणित लावले तर ३ मिलिमीटरच्या मेणावर दीड-दोन मिलिमीटरची तफावत येते. ५ मिलिमीटर की ८ मिलिमीटर यावर अभ्यासकांनी वाद घालावा आणि तो घालायलाच हवा, परंतु आपल्या गावोगावच्या दवाखान्यांत खरा फरक पडेल तो ३५ मिलिमीटरवरून ५ मिलिमीटरवर येण्याने, आणि ते काम स्प्रिंग-बो काही मिनिटांत करतो.

स्प्रिंग-बो म्हणजे पोलादाच्या एकाच लवचिक पट्टीची कमान. तिच्या दोन्ही टोकांना कानाच्या छिद्रात बसणारे नायलॉनचे गोल तुकडे असतात आणि पट्टीचा स्वतःचा ताण त्यांना दोन्ही बाजूंनी सारखाच आत धरून ठेवतो. मधोमध सैल-घट्ट करायचे स्क्रू नसल्यामुळे मदतनीस जवळ नसतानाही एकट्याने फेसबो घेता येतो, आणि माझ्या दृष्टीने हाच याचा सर्वांत मोठा गुण आहे, कारण दोन खुर्च्यांच्या दवाखान्यात सिस्टर नेमकी त्या क्षणी दुसऱ्या रुग्णापाशी असते. रुग्णाला मात्र आधी सांगावे लागते. कानात काहीतरी जाणार म्हटल्यावर वयस्क माणसे खांदे आखडून घेतात. "काका, ही टोके कानात बसली की ऐकू थोडे कमी येईल, पण दुखणार नाही. मान हलवू नका आणि दात या पट्टीवर अलगद टेकवून ठेवा," एवढे शांतपणे सांगितले, की खांदे खाली येतात आणि जबडाही सैल पडतो.

बाइट फोर्कवर, म्हणजे कमानीला जोडून तोंडात धरायच्या पट्टीवर, कंपाउंडचे (गरम केल्यावर मऊ होणाऱ्या ठशाच्या साहित्याचे) तीन ठिपके पुरतात: एक पुढच्या दातांखाली आणि दोन्ही बाजूंच्या दाढांखाली एकेक. कंपाउंड गरम पाण्यात मऊ करून, फोर्कची मधली रेषा चेहऱ्याच्या मधल्या रेषेला जुळवून वरच्या दातांवर हलकेच दाबायचे आणि उंचवट्यांची केवळ टोके उमटू द्यायची. दात खोल रुतले तर कंपाउंडच्या कडा प्लास्टरच्या मॉडेलला अडतात, मॉडेल पूर्ण बसत नाही, आणि सारा खटाटोप तिथेच वाया जातो; फोर्कचा धातू दाताला लागला असेल तरीही ठसा पुन्हा घ्यावा. थंड झाल्यावर वरचे मॉडेल त्या ठशांत ठेवून बोटाने एकेका कोपऱ्यावर दाबून पाहावे. मॉडेल किंचितही डुलत असेल तर पुढे जाऊ नये.

यानंतरचा टप्पा नाजूक आहे. फोर्कचा दांडा कमानीच्या जोडणीत घालून स्क्रू आवळताना दांडा आवळण्याच्या दिशेने ओढला जातो आणि तोंडातला फोर्क नकळत वळतो. रुग्णाने खालच्या दातांनी फोर्क धरून ठेवला किंवा खालच्या बाजूला कापसाचे रोल दिले, तर हे टळते. स्क्रू एकाच हिसक्यात न आवळता प्रत्येकाला थोडा ताण देत दोन फेऱ्यांत आवळावेत. सगळे घट्ट झाल्यावर समोर उभे राहून कमान डोळ्यांच्या बाहुल्यांच्या रेषेला समांतर आहे का हे पाहायचे, आणि मगच टोके कानातून काढायची.

कमान समांतर नसेल तर काय करावे, हा प्रश्न सर्व कर्णाधारित फेसबोंना लागू आहे. दोन्ही कानांची छिद्रे एका पातळीवर असतीलच असे नाही. कमान कानांनुसार तिरपी राहिली, तर यंत्रावर रुग्णाची दातांची पातळी तिरपी दिसते आणि तंत्रज्ञ ती सरळ करायला जातो. परिणामी तोंडात हसताना दातांची ओळ एका बाजूला उतरते. अशा वेळी एक सरळ रेषा दाखवणारा चेहऱ्याचा फोटो, ओठ मागे घेऊन काढलेला, फेसबोबरोबर प्रयोगशाळेत पाठवणे हा मला सर्वांत भरवशाचा मार्ग वाटतो. पुढच्या सहा दातांचे काम असेल तेव्हा मी हा फोटो अनिवार्यच मानतो.

दोन्ही कानांनंतरच्या तिसऱ्या संदर्भबिंदूसाठी स्प्रिंग-बोला डोळ्याखालच्या हाडाच्या कडेकडे रोखलेला एक दर्शक असतो. बोटाने ती हाडाची कड चाचपून दर्शकाचे टोक तिथे आणायचे. यंत्रावर तेच टोक वरच्या भागाला जोडलेल्या चंद्रकोरीसारख्या पट्टीच्या पातळीला जुळवायचे. त्वचेजवळ, डोळ्याच्या इतक्या जवळ, धातूचे टोक आणताना रुग्णाने डोळे मिटलेले असावेत, हे सांगायला विसरू नये. या संदर्भाची मर्यादाही माहीत असावी. अक्ष आणि डोळ्याखालचा बिंदू यांची पातळी यंत्राला आडवी मानली, तर माणूस नैसर्गिकपणे समोर पाहत उभा असताना दिसते त्यापेक्षा दातांची पातळी यंत्रावर पुढच्या बाजूला अधिक उतरलेली दिसते. तंत्रज्ञाला हे ठाऊक नसेल तर पुढच्या दातांचा कल त्याला चुकीचा भासतो आणि तो ते आपल्या नजरेप्रमाणे वळवतो.

मॉडेल प्लास्टरने यंत्रावर जोडताना फोर्कखाली आधार देणे मी अत्यावश्यक समजतो. वरचे मॉडेल आणि त्यावर टाकलेले ओले प्लास्टर यांच्या वजनाने फोर्कचा दांडा थोडा वाकतो, आणि कानावरून जपून आणलेले नाते शेवटच्या पाच मिनिटांत बिघडते. प्लास्टर कमी प्रसरण पावणारे घ्यावे आणि दोन थरांत टाकावे. संपूर्ण कमान प्रयोगशाळेत न पाठवता केवळ फोर्क आणि त्याची जोडणी काढून मांडणीच्या ठोकळ्यावर बसवण्याची सोय या संचात आहे, आणि ज्यांची प्रयोगशाळा दुसऱ्या शहरात आहे त्यांनी ती आवर्जून घ्यावी; कमान दवाखान्यातच राहते आणि पुढच्या रुग्णासाठी मोकळी असते.

वाइड-व्ह्यू हा आर्कॉन पद्धतीचा अर्ध-समायोज्य आर्टिक्युलेटर आहे, म्हणजे कॉन्डाइलचे गोळे माणसाच्या जबड्याप्रमाणेच खालच्या भागावर आणि त्यांना वाट दाखवणारा उतार वरच्या भागावर असतो. मागची बाजू मोकळी ठेवल्यामुळे जिभेच्या बाजूने दात कसे भिडतात हे नीट पाहता येते. पुढे सरकवलेल्या जबड्याची बाइट घेऊन कॉन्डाइलच्या उताराचा कोन लावता येतो. बाजूच्या हालचालीचा कोन हनाऊच्या जुन्या सूत्राने काढायचा, म्हणजे उताराच्या कोनाला आठाने भागून त्यात बारा मिळवायचे. उतार ३२ अंश निघाला तर बाजूचा कोन १६ अंश. हे सूत्र सरासरीचेच आहे, परंतु कोणतीही नोंद न घेता ३० आणि १५ अंशांवर यंत्र कायमचे अडकवून ठेवण्यापेक्षा ते निश्चितच बरे.

दोन कॉन्डाइलमधले अंतर यात ११० मिलिमीटरवर कायम असते. व्हिप मिक्सच्या ८५०० मालिकेतल्या यंत्रात ८८, १०० आणि ११२ मिलिमीटर असे तीन टप्पे मिळतात आणि फेसबोवरच लहान, मध्यम की मोठे ते वाचता येते. आज हनाऊची उपकरणेही अमेरिकेतल्या लुइव्हिलची व्हिप मिक्स हीच कंपनी पुरवते, त्यामुळे निवड एकाच घरातल्या दोन पद्धतींमधली आहे. अरुंद चेहऱ्याच्या रुग्णात ११० चे माप मोठे ठरते आणि दाढांवरच्या खाचांची दिशा किंचित बदलते. सुळा बाकीच्या दातांना बाजूच्या हालचालीत लगेच अलग करत असेल तर हा फरक तोंडात पोहोचतच नाही. जिथे अनेक दाढा एकत्र घासत सरकतात तिथे तो पोहोचतो, आणि अशा मोजक्या रुग्णांसाठी मी तीन टप्प्यांचे यंत्र पसंत करेन.

खरा अक्ष शोधणारा, म्हणजे खालच्या दातांना घट्ट बसवायचा फेसबो कधी वापरावा? माझ्या मते सगळे दात नव्याने बांधायचे असतील, चाव्याची उंची यंत्रावरच वाढवायची असेल आणि रुग्णाचे स्नायू शांत असतील तेव्हा. स्नायू आखडलेले किंवा सांधा दुखत असताना शोधलेला अक्ष रोज वेगळा सापडू शकतो. तिथे आधी स्प्लिंट (दातांवर बसवायचे आवरण) देऊन जबडा सैल होऊ द्यावा. दात नसलेल्या रुग्णात हिरडीवर बसलेली पट्टीच हलत असल्याने या पद्धतीला फारसा अर्थ राहत नाही. आणि पुष्कळ प्रकरणांत याहून सोपी वाट उपलब्ध आहे: पुढच्या दातांवर लुसिया जिगसारखा ऍक्रिलिकचा छोटा टेकू देऊन ज्या उंचीवर काम करायचे आहे ती उंची तोंडातच ठरवावी आणि त्याच उंचीवर बाइट घ्यावी. यंत्राची पुढची पिन मग हलवावीच लागत नाही, कोन शून्याजवळ राहतो, आणि स्प्रिंग-बोने दिलेला अंदाजी अक्ष पुरेसा ठरतो.

पूर्ण कवळीसाठी फेसबो लागतो की नाही, याबद्दल युरोपात बरेच काम झाले आहे आणि फेसबो न वापरता बनवलेल्या कवळ्या रुग्णांना तितक्याच समाधानकारक वाटल्याचे चाचण्यांत दिसले आहे. हे निष्कर्ष मला मान्य आहेत. ज्या दवाखान्यात मुख्यतः कवळ्याच होतात, त्याने या खरेदीची घाई करू नये. तोच पैसा चांगल्या ट्रे आणि ठशाच्या साहित्यावर खर्च करावा.

तोंडात फिरवायचे स्कॅनर आल्यापासून फेसबो इतिहासजमा झाला, असे काही विक्रेते सांगतात. स्कॅनर दात एकमेकांना टेकलेले असतानाच बाजूने चित्र घेतो, त्यामुळे एक-दोन कॅपपुरते ते खरे आहे. कारण तेच, कोन शून्य. परंतु संगणकावर उंची दोन-तीन मिलिमीटर वाढवली, की आज्ञावली आपल्या आभासी आर्टिक्युलेटरचा अक्ष वापरते, आणि तो रुग्णावरून आणलेला नसेल तर सरासरीचा असतो. पडद्यावरची आकृती कितीही रेखीव दिसली तरी चुकेचे गणित बदलत नाही. जबड्याच्या हालचाली प्रत्यक्ष टिपणारी झेब्रिस किंवा मॉडजॉसारखी यंत्रे यावर खरे उत्तर देतात, मात्र त्यांची किंमत साध्या दवाखान्याच्या आवाक्याबाहेर आहे. तोवर स्कॅनबरोबर फेसबोची नोंदही पाठवता येते का, हे आपल्या प्रयोगशाळेला विचारून घ्यावे.

प्रयोगशाळेविषयी एक अनुभव नोंदवणे भाग आहे. खालच्या बाजूचा एक लांब ब्रिज मी फेसबोच्या नोंदीसह एका प्रयोगशाळेत पाठवला होता. काम परत आले तेव्हा शेवटच्या दाढेवर कागदाचा गडद ठसा आणि पुढे काहीच नाही, अशी स्थिती होती. चौकशी केल्यावर कळले, की नोंद बाजूला ठेवून मॉडेल्स साध्या बिजागरीवर अंदाजाने जोडली गेली होती, कारण तिथे वाइड-व्ह्यू रिकामा नव्हता. रुग्णाला पुन्हा बोलवावे लागले, कात्रजहून बसने येणाऱ्या त्या बाईंचा अर्धा दिवस गेला, आणि ब्रिज नव्याने झाला. तेव्हापासून मी मॉडेल्स स्वतःच दवाखान्यात यंत्रावर जोडतो आणि जोडलेल्या प्लेट्स पाठवतो. त्यासाठी दवाखान्यातले आणि प्रयोगशाळेतले यंत्र एकमेकांशी जुळवलेले असावे लागते. एकावर जोडलेली मॉडेल्स दुसऱ्यावर लावून दात तसेच भिडतात का, हे दातांमध्ये धरलेली शिमस्टॉकची (अतिशय पातळ पत्र्याची) पट्टी ओढून पाहायचे. जी प्रयोगशाळा ही तपासणी करायला तयार होत नाही, तिच्याकडे मोठी कामे देऊ नयेत.

किमतीच्या बाबतीत हा संच साध्या मीन-व्हॅल्यू (सरासरी मापांवर चालणाऱ्या) आर्टिक्युलेटरच्या अनेक पटींनी महाग आहे, आणि आयात व विक्रेता यांनुसार भाव बदलत असल्याने दोन-तीन ठिकाणी विचारून घ्यावा. खरेदी करताना एकाऐवजी दोन बाइट फोर्क आणि त्यांच्या जोडण्या घ्याव्यात, कारण एक प्रयोगशाळेत अडकली की दुसऱ्या रुग्णाचे काम थांबते. जास्तीच्या माउंटिंग प्लेट्सही (ज्यांवर मॉडेल प्लास्टरने जोडतात) त्याच वेळी मागवाव्यात. बंद होणाऱ्या दवाखान्यातून जुना संच मिळत असेल तर मोह वाईट नाही, परंतु दोन्ही बाजूंचे कुलूप लावून वरचा भाग हाताने आडवा हलवून पाहावा. जराही खुळखुळ जाणवली तर सोडून द्यावा. पोलादी पट्टी दोन्ही हातांनी सारखी उघडते का, मोकळी सोडल्यावर दोन्ही टोके मधल्या रेषेपासून सारख्याच अंतरावर परत येतात का, हे विक्रेत्यासमोरच तपासावे, कारण एकदा एका बाजूला वाकलेली कमान प्रत्येक रुग्णाचा अक्ष त्याच बाजूला ओढत राहते आणि ते मॉडेलकडे पाहून कधीच कळत नाही.